‘हाताची घडी, तोंडावर बोट’ नको असेल तर: बालवर्गात हालचाल वाढवायची कशी

पहिले दोन दिवस वर्गात काहीही बदलू नका. एक कागद घ्या आणि त्यावर तीन रकाने आखा: बसलंय, थांबलंय, हलतंय. वर्गातलं एकच मूल मनाशी धरा आणि दर पाच मिनिटांनी ते काय करतंय ते पाहून त्या रकान्यात रेघ ओढा. सगळ्यांत चपळ मूल नको, सगळ्यांत शांतही नको. मधलं निवडा.

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा ‘बसलंय’ हा रकाना भरणार याची कल्पना होती. डोळे उघडले ते मधल्या रकान्याने. मूल हात धुवायला थांबलं होतं, चपला घालायला थांबलं होतं, बाकीच्यांची हजेरी संपायची वाट बघत थांबलं होतं. खेळाच्या तासाला तर सगळ्यांत जास्त थांबलं, कारण चेंडू एक आणि रांग ही एवढी लांब. तेव्हापासून वर्गात नवीन काही सुरू करायचं असेल तर आधी मी थांबणं कापते. त्यातून मोकळा झालेला वेळ मुलं स्वतःच भरून काढतात.

किती हालचाल पुरते?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल करावी आणि त्यातली किमान ६० मिनिटं मध्यम ते जोरदार असावीत, असं त्यात म्हटलंय. मूल एका वेळी तासाभरापेक्षा जास्त जखडलेलं नसावं, हेही आहे. आकडा वाचून दडपून जाऊ नका. ही गोळाबेरीज आहे: घरचं, अंगणातलं, वाटेवरचं आणि वर्गातलं सगळं धरून. तुमच्या वाट्याला त्यातला एक तुकडा येतो.

मोठ्यांसारखं वीस मिनिटं सलग पळणं या वयाच्या अंगात नसतं. चार-सहा सेकंद धूम पळायचं, थबकायचं, काहीतरी बघायचं, पुन्हा पळायचं, ही त्यांची चाल. ती लवकर दमतात आणि त्याहून लवकर ताजी होतात. म्हणून आठवड्यातून एकदा अर्ध्या तासाची कवायत घेण्यापेक्षा दिवसात आठ वेळा दोन-तीन मिनिटं हलणं त्यांना जास्त मानवतं. तुम्हालाही सोपं जातं; अर्ध्या तासाचं नियोजन करायला बसलं की निम्मा उत्साह तिथेच संपतो.

जोरदार हालचाल ओळखायला उपकरण लागत नाही. श्वास बघा. मोठ्या माणसांसाठी एक सोपी खूण आहे: बोलता येतंय पण गाता येत नाही, म्हणजे हालचाल मध्यम, दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतोय, म्हणजे जोरदार. लहान मुलांच्या बाबतीत ही खूण थोडी फसते, कारण ती धापा टाकत टाकतही गातात. त्यांची छाती किती भरभर हलतेय ते बघा, कपाळावरचा घाम बघा.

जागा

यावर फार वेळ घालवू नका. टेबलं भिंतीला सरकवली की बहुतेक वर्गांत पुरेशी जागा निघते. टोकदार कोपरे झाका, ओली फरशी पुसून घ्या. गुळगुळीत फरशीवर मोजे घालून पळणं म्हणजे घसरण्याला आमंत्रण. अनवाणी पाय उत्तम.

जमिनीवर रंगीत चिकटपट्टीने तीन गोष्टी आखून ठेवा: एक लांब सरळ रेघ, एक नागमोडी रेघ आणि वर्गात जितकी मुलं तितके छोटे गोल. गोल एकमेकांपासून इतके लांब हवेत, की हात पसरून गिरकी घेतली तरी शेजाऱ्याला लागू नये. ‘आपापल्या घरात’ म्हटलं की प्रत्येकाने आपल्या गोलात जायचं. दाटीवाटीच्या वर्गातही धक्काबुक्की निम्म्यावर येते ती या गोलांमुळे. पट्टी दोन-तीन आठवड्यांत उचकटते. मुलं ती नखांनी काढतात, काढू द्या. बोटांचा व्यायाम होतो, आणि नवी पट्टी लावताना त्यांनाच मदतीला घ्या.

आधी थांबायला शिकवा

नव्या शिक्षकांची इथेच फजिती होते. पहिल्याच दिवशी ‘पळा!’ म्हणतात, आणि मग ‘थांबा’ म्हणायला आवाज पुरत नाही. माझा पहिला आठवडा असाच गेला होता. चौथ्या दिवशी घसा बसला आणि मी मुलांना पुन्हा खाली बसवून टाकलं.

धावत्या अंगाला ब्रेक लावणं हे तीन वर्षांच्या मुलासाठी वेगळं कौशल्य आहे. त्याने ‘थांब’ ऐकलेलं असतं, त्याला थांबायचंही असतं, पण पाय अजून चार पावलं पुढे जातात. याला बेशिस्त समजून रागावलात तर चूक तुमची. उलट ‘हल आणि थांब’ याच खेळातून मन आवरायचा सराव होतो, आणि पुढे लक्ष द्यायला, आपल्या पाळीची वाट बघायला तोच सराव कामाला येतो.

म्हणून पहिले तीन-चार दिवस फक्त हाच खेळ. खंजिरी, डफली किंवा दोन लाकडी ठोकळे घ्या. वाजतंय तोवर जागच्या जागी पाय हलवायचे. आवाज थांबला की स्टॅच्यू. जमलं की चालत, मग भरभर चालत, आणि शेवटी पळत. आवाज थांबताच तुमचा हातही वर जाऊ द्या. ज्याला ऐकू कमी येतं किंवा जो आपल्याच नादात असतो, त्याला हात दिसतो. खूण एकदा ठरवली की बदलू नका. बंद खोलीत शिट्टी मी वापरत नाही. तिच्या आवाजाने मुलं थांबण्याऐवजी किंचाळतात.

स्टॅच्यू असताना जो हलेल तो बाद, हा नियम मात्र नको. तो का नको, ते पुढे येतंच.

दिवसाच्या सांध्यांत हालचाल भरा

एक काम संपून दुसरं सुरू होतं, तो सांधा. याच फटीत मुलं ताटकळतात आणि भांडणंही इथेच होतात. वेगळा तास न मागता सगळ्यांत जास्त हालचाल मिळते ती याच फटींतून.

हजेरीपासून सुरुवात करा. नाव घेतलं की त्या मुलाने समोरच्या भिंतीला हात लावून यायचं. कसं जायचं ते त्याने ठरवायचं. कोणी रांगत जाईल, कोणी उलटं चालत. बाकीच्यांनी आपल्या गोलात उभं राहून त्याची नक्कल करायची. एकाची हजेरी होते आणि सगळा वर्ग हलतो.

एका जागेवरून दुसऱ्या जागी जाताना प्राण्यांच्या चाली कामाला येतात. मांजर पाय न वाजवता चालतं, हत्ती जड पावलं टाकतो, खेकडा हातापायांवर तिरका सरकतो, अस्वल तळहात आणि पावलं टेकून चालतं, बेडूक उकिडवा बसून उडी मारतो. खेकडा आणि अस्वल या चालींत खांद्यांवर आणि मनगटांवर भार येतो आणि ते फार मोलाचं आहे, कारण ताबा आधी धडाजवळच्या सांध्यांवर येतो आणि मग बोटांपर्यंत पोहोचतो. पेन्सिल नीट धरता येत नाही म्हणून मुलाच्या बोटांच्या मागे लागण्याआधी त्याला आठवडाभर अस्वल बनवून बघा. हात धुवायच्या जागेकडे जाताना मात्र बेडूक नको. तिथे फरशी ओली असते, म्हणून तिथे कासव.

आवरायच्या वेळी जड कामं मुलांना द्या. ठोकळ्यांनी भरलेली टोपली दोघांनी मिळून ओढायची, खुर्च्या सरकवायच्या, गुंडाळलेली सतरंजी चौघांनी खांद्यावर न्यायची. ढकलणं, ओढणं, उचलणं यांनी बहुतेक मुलं शांत होतात. जे मूल दिवसभर इतरांना धक्के देत असतं, त्याला मी सर्वांत जड टोपली देते आणि त्याचा चेहरा बघते.

गोष्ट सांगताना एखादा शब्द ठरवा. तो आला की सगळ्यांनी उठून एक उडी मारून बसायचं. एका गोष्टीत पाच-सहा वेळा, बस. मी उत्साहाच्या भरात एकदा चार शब्द ठरवले होते. उड्या भरपूर झाल्या, गोष्ट कुठे गेली ते कुणालाच कळलं नाही.

अंक, आकार, रंग यांना तर हालचाल हवीच असते. सात म्हणजे सात उड्या. मोजणं आणि उडी एकत्र पडली पाहिजे, नाहीतर मुलं ‘सात’ म्हणून नऊ उड्या मारतात. त्रिकोणाच्या कडेवरून चाललं की कोपरा आला हे पायांना कळतं. ‘लाल वस्तूला कोपराने हात लावा’ म्हटलं की आधी हशा पिकतो, मग धावपळ होते आणि रंगासोबत अवयवही पाठ होतात. अक्षर गिरवण्याआधी ते अख्ख्या हाताने हवेत मोठं काढायचं, खांद्यापासून.

खेळ निवडताना एकच प्रश्न: किती जण हलतायत?

संगीत खुर्ची घ्या. पहिला बाद कोण होतो? ज्याचा तोल कच्चा, ज्याला आवाज उशिरा उमगतो, तो. म्हणजे ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज, तोच भिंतीला टेकून बसतो आणि जो आधीच तरबेज आहे तो शेवटपर्यंत पळतो. माझ्या वर्गात एक मुलगा दर वेळी पहिल्या-दुसऱ्या फेरीतच बाद व्हायचा. काही दिवसांनी तो खेळ सुरू होण्याआधीच जाऊन भिंतीपाशी बसायला लागला. ‘मी बादच आहे’, म्हणाला. खेळ मी निवडला होता.

खेळ टाकून द्यायची गरज नाही, नियम फिरवा. खुर्च्या कमी करत जा, मुलं नको. शेवटी दोन खुर्च्या आणि सगळी मुलं: एकमेकांना धरून, मांडीवर बसून, निदान एक बोट खुर्चीला लावून सगळे मावले पाहिजेत. पकडापकडीत जो पकडला गेला त्याने जागच्या जागी पाच उड्या मारून परत यायचं.

दुसरा शत्रू रांग. वीस मुलं आणि एक चेंडू म्हणजे एकोणीस जण बघे. प्रत्येकाच्या हातात काहीतरी हवं, आणि त्याला खर्च लागत नाही. रद्दी कागदाचे बोळे, जुन्या मोज्यांचे गुंडाळलेले चेंडू, धान्य भरून घट्ट शिवलेल्या लहान पिशव्या, ओढण्यांचे तुकडे. वर्गाच्या मधोमध रेघ, दोन्हीकडे मुलं, प्रत्येकाकडे दोन बोळे. इशारा झाला की बोळे पलीकडे फेकायचे. आलेला उचलून पुन्हा फेकायचा. एक मिनिट. वाकणं, उचलणं, फेकणं, पळणं सगळं त्यात येतं. पुढच्या मिनिटाला सगळे बोळे टोपलीत, म्हणजे आवरणंही त्यातच झालं. कुठली बाजू जिंकली ते मोजू नका. मुलं विचारतील. तुम्ही ‘पुन्हा खेळायचं का?’ एवढं विचारलं की तो प्रश्न विरून जातो.

अडथळ्यांची वाट बनवलीत तर ती गोल बनवा आणि मुलांना निरनिराळ्या ठिकाणी उभं करून एकदमच सोडा. उशीवर चढायचं, टेबलाखालून सरपटायचं, दोरीवरून उडी मारायची, नागमोडी रेघेवरून चालायचं आणि पुन्हा उशी. रांग लागतच नाही. टेबलाखाली थोडी कोंडी होते खरी, पण तिथे मुलं आपसांत बरंच काही शिकतात.

कुणाला काय जमतं

मुलं एका वयाची असली तरी एका मापाची नसतात, हे धरून चाला. ढोबळमानाने तिसऱ्या वर्षी मूल सहज पळतं, चढतं, दोन्ही पायांवर उडी मारतं. चौथ्या वर्षी क्षणभर एका पायावर उभं राहतं आणि मोठा चेंडू बऱ्याचदा पकडतं. पाचव्या वर्षी लंगडी घालता येऊ लागते. एक पाऊल, एक छोटी उडी असं पाय बदलत पुढे जाणं बऱ्याच मुलांना त्यानंतरच नीट जमतं. कुणी मागे दिसलं तर लगेच पालकांना बोलावू नका, दोन-तीन महिने संधी देऊन बघा. पण आधी जमणारी गोष्ट जमेनाशी झाली, सतत एकाच बाजूचा हात-पाय वापरला जातोय किंवा मूल वारंवार पडतंय, तर थांबू नका. डॉक्टरांना दाखवायला सांगा.

झेलण्याबद्दल थोडं. तीन वर्षांच्या मुलाकडे चेंडू टाकला की ते तोंड फिरवतं, डोळे मिटतं आणि मग दोन्ही हातांनी छातीशी कवटाळतं. ते भित्रं आहे असं नाही. चेंडू डोळ्यांना उमगतो त्याआधीच येऊन पोहोचतो. म्हणून सुरुवात ओढणीच्या हलक्या तुकड्याने करा. वर उडवला की तो तरंगत, सावकाश खाली येतो आणि हाताला वेळ मिळतो. मग मोज्यांचा चेंडू, मग टप्पा पडून येणारा मोठा चेंडू. हळू पडतो म्हणून फुगा अनेक जण सुचवतात. मी तो वर्गात आणत नाही. फुटलेल्या फुग्याचा तुकडा तोंडात गेला तर घशात घट्ट बसतो, आणि फुग्याचे सगळे तुकडे आपल्याला सापडले की नाही, हे कधी कळत नाही.

फेकताना पाय कुठला पुढे, कोपर कुठे, असल्या सूचना देत बसू नका. तुम्ही करून दाखवा. मुलं बघतात आणि उचलतात.

शांत हालचालही हालचालच

शेजारच्या वर्गातून तक्रार येईल, हे धरून चाला. त्यासाठी बिनआवाजी खेळ हाताशी ठेवा: रेघेवरून चालणं, झाडासारखं एका पायावर उभं राहणं, डोक्यावर पिशवी ठेवून वर्गाला फेरी मारणं. मारिया माँटेसोरींनी रोममध्ये १९०७ साली पहिलं बालगृह सुरू केलं. त्यांच्या पद्धतीत जमिनीवर लंबवर्तुळ आखून मुलांना त्या रेघेवरून चालवतात. पुढे हातात पाण्याचा पेला देतात किंवा घंटी. पाणी सांडू द्यायचं नाही, घंटी वाजू द्यायची नाही. करून बघा. ज्या मुलांना मी दिवसभर ‘हळू, हळू’ सांगत होते, ती घंटी हातात आल्यावर श्वाससुद्धा बेताने घेत होती.

जोरदार खेळानंतर एकदम ‘चला, बसा’ म्हटलं तर मुलं बसत नाहीत, आणि त्यात त्यांचा दोष नसतो. पायऱ्या उतरा: पळणं, मग चालणं, मग गोगलगाय, मग आपल्या गोलात आडवं. पोटावर छोटं खेळणं ठेवा आणि ते श्वासाबरोबर वरखाली होताना बघू द्या. मिनिटभर पुरे. नंतर पाणी. उकाड्याच्या दिवसांत मध्येही पाणी द्या. खेळाच्या नादात मुलांना तहान कळत नाही. जेवण झाल्या झाल्या लोळण्याचे आणि गिरक्यांचे खेळ नकोत. का नकोत, हे एकदा पुसून काढावं लागलं की कायमचं लक्षात राहतं.

जे मूल खेळत नाही

ओढून आणू नका. काही मुलं चार दिवस कडेने नुसती बघतात आणि पाचव्या दिवशी सगळं जमत असल्यासारखी येतात. तोवर खंजिरी त्यांच्या हातात द्या. वाजवणारा खेळात असतोच. कानठळ्या बसवणारा आवाज सहन न होणारं मूल असेल तर त्याचा गोल दाराजवळ आखा.

चाकाच्या खुर्चीतल्या मुलासाठी वेगळा खेळ शोधू नका, तोच खेळ फिरवा: उडीऐवजी दोन्ही हात वर, बेडकाऐवजी खुर्चीची एक गिरकी. काय चालतं आणि काय टाळायचं, हे त्याच्या पालकांकडून आणि उपचार करणाऱ्यांकडून आधी समजून घ्या. दम्याच्या मुलाचा इनहेलर कपाटात कुलपात नको, हाताच्या अंतरावर हवा.

एकदा स्वतःचं बोलणंही कान देऊन ऐका. मी ऐकलं, तेव्हा ‘सांभाळ, पडशील’ हे मी मुलींना जास्त म्हणत होते. उंची तीच, उशी तीच.

शिक्षा म्हणून खेळ बंद करू नका. जे मूल बसू शकत नाही त्याचाच खेळ आपण काढून घेतो आणि मग ते आणखी बसू शकत नाही. पळायची शिक्षाही नको. पळणं म्हणजे शिक्षा, हे मुलं फार लवकर शिकतात.

तुमचं काय

तुम्ही खुर्चीत बसून सूचना दिल्यात तर दोन मिनिटांत तीन मुलं तुमच्याजवळ येऊन बसतील. उठावं लागतं. उड्या मारता आल्याच पाहिजेत असं नाही, माझे गुडघे आता मारूही देत नाहीत. मी मांजर होते, गोगलगाय होते आणि बेडकाचं काम एखाद्या मुलाकडे सोपवते. कपडे मात्र खाली बसून उठता येईल असे घाला.

‘नुसतं खेळतात’ असं पालक म्हणाले तर वाद घालू नका. दारावर रोज एक ओळ लिहा: ‘आज आम्ही सात उड्या मारत मोजलं.’ मूल घरी जाऊन सात उड्या मारून दाखवतं, पुढचं काम तेच करतं.

सगळं एकदम सुरू करू नका. पहिल्या आठवड्यात फक्त स्टॅच्यू. दुसऱ्यात हजेरी आणि आवरणं. तिसऱ्यात एक खेळ, रांगेशिवायचा. चौथ्या आठवड्यात तो तीन रकान्यांचा कागद पुन्हा काढा आणि त्याच मुलावर लक्ष ठेवा.

माझ्या दुसऱ्या कागदावर मधला रकाना बराच रिकामा झाला होता, पण हात धुण्याच्या वेळच्या रेघा तशाच होत्या. नळ दोनच. मग मी चार-चार मुलं पाठवायला लागले आणि बाकीच्यांना तोवर भिंत ढकलायला लावलं, दोन्ही तळहात टेकवून, सगळा जोर लावून. भिंत अजून जागची हललेली नाही, पण मुलं रोज विचारतात, आज किती सरकली?